क्लबातला सणाचा फॅमिली प्रोग्राम: कमिटीत नवीन आलेल्यांनी कुठून सुरू करायचं

क्लबच्या कमिटीत नवीन आलाय आणि पहिल्याच मीटिंगला "यंदाचा फॅमिली प्रोग्राम तुम्ही बघा" म्हणून जबाबदारी गळ्यात पडली असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. बेळगावात म्हणा, निपाणी, चिकोडी, खानापुरात म्हणा, जिथं जिथं जिमखाना किंवा मेंबर लोकांचा खाजगी क्लब आहे तिथं थोड्याफार फरकानं हेच लागू पडतंय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. टाइमटेबल मुलांच्या भुकेच्या आणि झोपेच्या वेळेवर आखा. चार वर्षाचं पोर साडेसातला भुकेलं होतंय, साडेनवाला पेंगायला लागतंय, ते रडलं की आई उठते, आईबरोबर आजी उठते, आणि बघता बघता अख्खं टेबल रिकामं. क्लबातली जुनी सवय म्हणजे साडेसातचं आमंत्रण, नऊला सुरुवात, मग स्वागत, सत्कार, दोन भाषणं, ऑर्केस्ट्रा आणि जेवण साडेदहाला. मोठ्या माणसांच्या पार्टीत ते चालून जातंय, पोरंबाळं घेऊन आलेल्या घराला ते झेपत नाही आणि पुढच्या वेळी ते घर येतच नाही.

तारीख

तारीख धरायच्या आधी शाळेचं कॅलेंडर बघा. आपल्याकडं कर्नाटक बोर्डाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, तिकडं कोल्हापूर-पुण्याला ती दिवाळीला असते, आणि मिशनच्या शाळांना ख्रिसमसला. त्यामुळं होतंय काय की दिवाळीत मेंबरांच्या घरी पुण्या-मुंबईची भाचरं, पुतणे आलेले असतात, पाडवा-भाऊबीजेपर्यंत घर भरलेलं असतंय, पण इथल्या मुलांना मात्र लगेच शाळा असते. दसऱ्याच्या सुट्टीत उलटं, इथली मुलं मोकळी आणि पाव्हणे नाहीत. मग चार-पाच दिवस चालणारं काही, शिबिर, स्पर्धा, ते दसऱ्याच्या सुट्टीत घ्यायचं, आणि एका संध्याकाळचा मोठा मेळावा दिवाळीत, तोही भाऊबीजेच्या आधी.

नंतर गावाचं कॅलेंडर. 1 नोव्हेंबरला बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक आणि मराठी लोकांचा काळा दिन दोन्ही असतात, रस्ते बंद, जागोजागी बंदोबस्त, त्या दिवशी कुणालाच मुलं घेऊन बाहेर काढू नका. शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र आणि गणपती विसर्जनाची मिरवणूक पण धरून चाला, विसर्जन तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतंय. डिसेंबरात बहुतेक वर्षी बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतंय, त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत, आणि पोलिस स्टेशनातली माणसं सगळी तिकडं. बाहेरगावचा जादूगार किंवा बँड बोलावणार असाल तर अधिवेशनाच्या तारखा कळल्या कळल्या खोली बुक करून टाका.

पंचांग पण उघडा. मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याच घरात पाळतात, त्या दिवशी चिकनचा बेत ठेवला तर निम्म्या बायका ताटाला हात लावणार नाहीत. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची जत्रा, मंडपवाल्याकडची, आचाऱ्याकडची किती तरी माणसं डोंगरावर गेलेली असतात. मंडपवाला फोनवर "होतंय साहेब, करून देतो" म्हणणारच, त्याला तारीख सांगून नीट विचारा की माणसं किती आहेत.

पावसाचं म्हणाल तर दसऱ्याच्या आसपास दुपारनंतर ढग येऊन धो धो कोसळू शकतंय आणि एप्रिल-मेमध्ये वळीव असतोच, तेव्हा लॉनवर प्रोग्राम असला तरी हॉल रिकामा ठेवायचा, तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. डिसेंबरात पाऊस नसतो पण आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, आठ वाजले की लॉनवर दव पडतंय, खुर्च्या ओल्या होतात, म्हाताऱ्या माणसांना गारठा बाधतो. वर कापड असलेला मंडप घ्या, ज्येष्ठांची टेबलं भिंतीच्या आडोशाला लावा आणि निरोपातच लिहा, स्वेटर-कानटोपी घेऊन या.

माणसं मोजणं

"अंदाजे दोनशे येतील" यावर काहीही ठरवू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "येणार" म्हणून अंगठा दाखवणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांचा मेळ बसत नाही. साधा फॉर्म काढा. मेंबर नंबर, मोठी माणसं किती, मुलं किती आणि प्रत्येकाचं वय, शाकाहारी-मांसाहारी-जैन, कुणाला शेंगदाण्याची, काजूची, दुधाची अॅलर्जी आहे का, व्हीलचेअर लागणार का, आणि बरोबर ड्रायव्हर किंवा मूल सांभाळणारी बाई येणार का. शेवटचा रकाना बहुतेक फॉर्मवर नसतोच. पार्किंगमध्ये चार तास बसलेला ड्रायव्हर आणि दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन फिरणारी मावशी यांचं जेवण पहिल्यापासून मोजलेलं असलं पाहिजे, उरलं तर देऊ असं नको. तेच जेवण, त्याच वेळी, बसायला खुर्चीसकट. माझ्या दृष्टीनं क्लब कसा आहे ते यावरनं कळतंय.

नाव देताना कुटुंबामागं थोडी रक्कम भरून घ्या, ज्यानं पैसे भरले तो येतो. पाव्हण्यांचा नियम आधी जाहीर करा, एका मेंबरमागं किती, मुलांना किती, आणि तो सगळ्यांना सारखा, प्रेसिडेंटसाहेबांच्या पाव्हण्यांना पण. फॉर्मची शेवटची तारीख प्रोग्रामच्या दहा दिवस आधी ठेवा, म्हणजे आचाऱ्याला आकडा देऊन वर दहा टक्के धरता येतंय.

वयं कशासाठी, तर मुलांचे गट पाडायला. तीन वर्षांपर्यंतची पोरं आईजवळच, त्यांना एक गालिचा, चार खेळणी आणि आयांना एक बंद खोली, दूध पाजायला आणि कपडे बदलायला. चार ते सात वेगळी, आठ ते बारा वेगळी. तेरा-चौदाच्या पुढची मुलं "आम्ही काय लहान आहोत का" म्हणून कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतात, त्यांना खेळायला बोलावू नका, काम द्या. हाऊजीचे (तंबोलाचे) नंबर पुकारणं, फोटो काढणं, लहान मुलांच्या स्पर्धेत मोजणी करणं. ओळखपत्र गळ्यात अडकवलं की तीच मुलं रात्री शेवटपर्यंत थांबतात.

परवानग्या आणि पैसे

हे कंटाळवाणं आहे पण महिनाभर आधी उरकायचं. लाऊडस्पीकरसाठी जवळच्या पोलिस स्टेशनात अर्ज. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम आहे, आणि राहत्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. मुलांचा प्रोग्राम साडेनवाला संपवायचाच आहे त्यामुळं अडचण येत नाही, पण साऊंडवाल्याला लेखी सांगा. दिवाळीत फटाके उडवणार असाल तर सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये घालून दिलेली वेळ रात्री 8 ते 10 आणि ग्रीन फटाकेच. आचाऱ्याकडं किंवा केटररकडं एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, 14 अंकी नंबर आहे का बघा. कर्नाटकात थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे ग्लास आणि फ्लेक्स यांवर 2016 पासून बंदी आहे, तेव्हा पत्रावळी किंवा स्टीलची ताटं आणि बॅनर कापडाचा. बॅनरवर आणि निरोपावर कानडी, मराठी, इंग्रजी तिन्ही घाला. आपल्याकडं एकाच टेबलावर चार घरच्या चार भाषा असतात, मराठी, कानडी, कोकणी, उर्दू, आणि कॅम्पातली मिलिटरीवाल्यांची कुटुंबं असली तर हिंदी, त्यामुळं माईकवर दोन भाषा सहज बोलणारा माणूस हवा, पाठ करून आलेला नको.

बार त्या दिवशी बंद ठेवता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर बार आपल्या खोलीत, दार लावून, आणि लॉनवर ग्लास येणार नाही हे मॅनेजरला आधी बजावून ठेवा.

पैशाचं थोडक्यात, आधी जेवण, मग मुलांवर लक्ष ठेवणारी माणसं, मग खेळ, शेवटी सजावट. बहुतेक क्लबात हे उलटं होतंय, फुलांच्या कमानीत आणि एलईडी भिंतीत पैसे जातात आणि मुलांसाठी एक म्हातारीचे केसवाला उभा असतो. मुलांना कमान आठवत नाही.

काय करायचं

दिवाळीला किल्ला करा. बेळगावात गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात, पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मेंबरांच्या मुलांना अंगण नाही, माती नाही, आणि क्लबात दोन्ही आहे. मैदानाच्या कडेला दहा बाय दहाच्या जागा आखून द्या, पाच-सहा मुलांची एक टीम, लहान-मोठी मिसळून. तांबडी माती एक ट्रॅक्टर, दगड, विटांचे तुकडे, गोणपाट एवढं क्लबनं द्यायचं. आधी दगड-विटांचा ढिगारा, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा पातळ काला हातानं थापत जायचा, आणि ओलं असतानाच अळीव नाहीतर मोहरी पेरायची. हिरवळ यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून माती वसुबारसेच्या निदान पाच दिवस आधी यायला पाहिजे, नंतर आलेल्या मातीवर गवत उगवत नाही आणि मग हिरवा रंग मारावा लागतोय. रोज संध्याकाळी पाणी शिंपडायला मुलं स्वतःच येतात आणि त्यांच्यामागनं आजोबा येतात. महाराज, मावळे, तोफा पोरांनी घरनं आणायच्या. बक्षीस द्याच, पण परीक्षकांनी प्रत्येक टीमला विचारायचं, हा कुठला किल्ला, दरवाजा या बाजूला का, पाण्याचं टाकं कुठं आहे. राजहंसगड आणि बेळगावचा भुईकोट आपल्याजवळच आहेत, एका सकाळी मुलांना तिथं नेऊन आणलं तर किल्ल्याला खंदक का असतो ते सांगावं लागत नाही.

दसऱ्याच्या सुट्टीतल्या शिबिराला खानापूरचे कुंभार बोलवा. तिथली मातीची भांडी नावाजलेली, चाक घेऊन येतात, मुलांनी केलेल्या पणत्या वाळवून, भाजून दिवाळीला परत मिळाल्या की त्याच क्लबच्या पायऱ्यांवर लावायच्या. भाजायला आणि वाळायला वेळ लागतोय, तेवढं धरून तारीख ठेवा.

ख्रिसमसला सांता सगळ्यांना माहीत आहे, गडबड होते ती भेटवस्तूंची. एकाला मोठा खोका, दुसऱ्याला छोटा, की रडारड. म्हणून वस्तू क्लबनं घ्यायच्या, किमतीची एकच मर्यादा, वयाच्या गटाप्रमाणं एकसारखं, सगळ्यांना एकाच रंगाचा कागद. रविवार पेठेत होलसेलनं घेतलं तर खर्च खूप कमी होतोय, आणि गोकाकची रंगीत लाकडी खेळणी मिळाली तर फारच छान, लहान मुलांना ती प्लास्टिकच्या गाडीपेक्षा जास्त दिवस पुरतात. प्रत्येक पुडक्यावर मुलाचं नाव मोठ्या अक्षरात. टेबलामागं दोन बायका, फॉर्मच्या यादीप्रमाणं अक्षरानुसार पुडकी लावलेली, सांता नाव वाचतो, मूल येतंय, फोटो, पुढचं नाव. आयत्या वेळी आलेल्या पाव्हण्यांच्या मुलांसाठी प्रत्येक गटात पाच-सहा बिननावाची पुडकी खाली ठेवायची आणि नाव तिथल्या तिथं लिहायचं, त्या मुलाला कळलं नाही पाहिजे की आपलं आधी ठरलेलं नव्हतं. शंभर मुलं असली तर दोन सांता, दोन कोपऱ्यात, मध्ये मंडपाचा पडदा, नाहीतर तास जातोय. कापसाची दाढी घातलेल्या सांताजवळ मेणबत्ती, फुलबाजी काही नको. आणि कॅरोल गायला जवळच्या चर्चमधली मुलं बोलवा, आनंदानं येतात, त्यांना पण खाऊ द्या.

31 डिसेंबरचं तर आपल्या गावात वेगळंच आहे. कॅम्पात मुलं गवत-कागद भरून ओल्ड मॅन करतात आणि रात्री बाराला जाळतात. क्लबात लहान ओल्ड मॅन करा, जुनी पॅन्ट-शर्ट, आत वाळकं गवत, फटाके बिलकुल नाहीत. प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर आपली सोडायची एक सवय लिहायची आणि त्याच्या खिशात कोंबायची. मुलांचं नवीन वर्ष नऊ वाजता. नऊला उलटी मोजणी, ओल्ड मॅन पेटवायचा, केक कापायचा आणि घरी. आग मंडपापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, भोवती दोरीचं कडं, वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या, आणि पेटवणारा एकच माणूस, त्याच्या अंगावर सुती कपडे. ज्या मोठ्यांना बारापर्यंत थांबायचंय ते मुलांना घरी सोडून येऊ शकतात.

कोजागरीला मसाला दूध आणि अंताक्षरी, संक्रांतीला तिळगूळ, हळदीकुंकू आणि लहानग्यांचं बोरन्हाण, हे दोन्ही स्वस्तात आणि छान होतात, त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. बोरन्हाणाला बोरं, उसाचे करवे बारीक पोरांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा.

जेवण

आपल्या भागात जैन आणि लिंगायत कुटुंबं पुष्कळ, तेव्हा शाकाहारी आणि मांसाहारी काउंटर वेगवेगळे पुरणार नाहीत, लांब लांब हवेत, वाढणारी माणसं आणि डाव-पळ्या पण वेगळ्या. जैन मेंबरांपैकी बरेच जण सूर्यास्ताआधी जेवतात, डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतोय, म्हणून कांदा-लसूण-बटाटा नसलेला एक छोटा काउंटर साडेपाचला सुरू करा. चपाती, मुगाची उसळ, भात, आमटी आणि काहीतरी गोड. कुणी मागितलं नसताना हे केलेलं असलं की ती कुटुंबं दरवर्षी येतात.

मुलांचं जेवण सातला, मोठ्यांचं आठला. मुलांचा काउंटर बुटका, त्यांच्या हाताला पोचेल एवढा, खाली बसायला सतरंजी. आयटम चार बस्स, मऊ इडली किंवा डोसा, पावभाजी बिनतिखटाची, दहीभात, फळं. नूडल्स-मंचुरियन ठेवायचा हट्ट मुलं करतात, ठेवा, पण दहीभात पण ठेवा, पाच वर्षांखालची पोरं शेवटी त्यावरच पोट भरतात. मोठ्यांना गिरमिट, मिरची भजी, गरम भाकरी, भरलं वांगं, आणि समोर बसून मांडे करणाऱ्या बाई मिळाल्या तर बघायलाच गर्दी होते, उलट्या तव्यावर एवढा मोठा मांडा हातावरनं टाकताना मुलं तोंड उघडं टाकून बघतात. गोडाला कुंदा. कर्दंट ठेवलं तर समोर पाटी लावा, यात सुकामेवा आणि डिंक आहे, अॅलर्जीवाल्या मुलांच्या आईला लांबनं दिसली पाहिजे. पाणी उकळून गार केलेलं किंवा मोठे जार, नळाचं नको.

मुलं हरवू नयेत, पडू नयेत

गेटवर प्रत्येक लहान मुलाच्या मनगटाला कागदी पट्टी, त्यावर आई-बाबांचा मोबाईल नंबर, नाव नको. गेट एकच उघडं, तिथं दोन माणसं, आणि आपल्या माणसाशिवाय मूल बाहेर जाणार नाही. स्विमिंग पूलला कुलूप आणि कुलपाशी माणूस. गाड्या आत येणारा रस्ता आणि मुलांची खेळायची जागा यांच्यामध्ये दोरी नाही, बाकडी लावा. मिकी माऊस जंपिंग आणलं तर खुंट्या नीट ठोकल्यात का बघा, जोराचा वारा सुटला की बंद करून हवा काढा, आणि मोठी मुलं लहानांबरोबर आत सोडू नका. डेकोरेशनच्या वायरी दव पडलेल्या गवतावरनं नेऊ देऊ नका, वरनं न्यायच्या, आणि इलेक्ट्रिशियन शेवटपर्यंत जागेवर. गॅसच्या टाक्या मंडपाच्या बाहेर, उभ्या. हेस्कॉमची लाईट गेली तर जनरेटर लागेपर्यंत अंधारात मुलं घाबरतात, तेव्हा चार-पाच चार्जिंगचे दिवे कोपऱ्यात लावून ठेवा. मेंबरांपैकी एखाद्या डॉक्टरना आधीच विनंती करा, प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याच टेबलावर. 108 आणि 112 हे नंबर गेटवर लिहा.

फोटोंचं पण ठरवून घ्या. मिलिटरीतली आणि इतरही कित्येक कुटुंबं मुलांचे फोटो बाहेर गेलेले पसंत करत नाहीत, फॉर्मवर विचारा आणि ज्यांनी नको म्हटलंय त्यांच्या मुलांना वेगळ्या रंगाची मनगटपट्टी द्या, फोटो काढणाऱ्याला लगेच कळतंय.

त्या दिवशी

तीनला कमिटी जागेवर, साऊंड-लाईट तपासून. साडेचारला गेट उघडायचं, कुणी आलं नसलं तरी. पाच ते सात खेळ, मुलांचे गट वेगवेगळ्या कोपऱ्यात एकाच वेळी, मधेच साडेपाचला जैन काउंटर. सातला मुलांचं जेवण, साडेसातला सांता किंवा मुख्य आयटम, आठला मोठ्यांचं जेवण आणि त्याच वेळी सगळ्यांची मिळून हाऊजी, आजी-आजोबांना तीच जास्त आवडते. साडेनवाला संपलं. स्वागताचं भाषण दोन मिनिटं, प्रेसिडेंटनाच द्या, आणि सत्कार असतील ते एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, ठेवा. कुणी मोठा माणूस उशिरा येणार म्हणून प्रोग्राम थांबवायचा नाही, हे कमिटीत आधी ठरावच करून घ्या, नाहीतर त्या वेळी कुणाची जीभ वळत नाही.

उरलेलं अन्न दहाच्या आत पॅक करून एखाद्या आश्रमात किंवा वसतिगृहात पाठवायचं, त्यांना सकाळीच फोन करून विचारलेलं असू दे, रात्री अकराला दार वाजवून डबे देणं बरोबर नाही. क्लबच्या वेटर-माळी लोकांच्या मुलांना पण भेटवस्तूंच्या यादीत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उशिरा यायची सवलत द्या.

आठवड्याच्या आत हिशोब बोर्डावर लावा, बिलांसकट. आणि एका वहीत लिहून ठेवा, किती नावं आली, किती माणसं प्रत्यक्ष आली, कुठला पदार्थ उरला, कुठला पुरला नाही, आचाऱ्याचा आणि मंडपवाल्याचा नंबर, त्यानं सांगितलेला दर आणि शेवटी घेतलेला दर. पुढच्या कमिटीला चार्ज देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ती वही पण द्यायची.